शब्दचर्चा : सोमाली ‘कबील’ म्हणजे टोळी, जमात, कूळ की भावकी?

मूळ प्रश्न

सोमालियाच्या राजकारणावर एका मासिकासाठी दीर्घ लेख लिहीत आहे आणि पहिल्याच पानावर अडलो आहे. दारोद, हविये, दिर, इसाक, दिगिल-मिरिफले ही सोमाली समाजाची मोठी घराणी आणि त्यांच्या असंख्य पोटशाखा यांना आपली वर्तमानपत्रे सरसकट ‘टोळ्या’ म्हणतात, आणि त्यांच्यात काही बिनसले की ते आपोआप ‘टोळीयुद्ध’ ठरते. मला हा शब्द खटकतो, पण त्याच्या जागी जमात, कबिला, कूळ किंवा वंश यांपैकी काय योजावे हे ठरत नाही. शिवाय तिथल्या माणसाला ‘सोमाली’ म्हणावे की ‘सोमालियन’, याबद्दलही जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ‘सोमालियन’ हे इंग्रजी वळणाचे रूप मराठीला नको आणि खुद्द सोमाली लोकांनाही ते आवडत नाही. माणूस, भाषा आणि लोकसमूह या तिन्हींसाठी ‘सोमाली’ हा शब्द पुरतो. ‘सोमालियाचा नागरिक’ ही मात्र निराळी गोष्ट आहे, कारण सोमाली लोक सोमालियाखेरीज जिबूतीत, इथिओपियाच्या सोमाली प्रांतात आणि केनियाच्या ईशान्य भागातही पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्या निळ्या झेंड्यावरील पांढऱ्या ताऱ्याची पाच टोके म्हणजे वसाहतकाळात विभागले गेलेले पाच सोमाली प्रदेश. त्यांतले ब्रिटिश सोमालीलँड २६ जून १९६० रोजी स्वतंत्र झाले आणि १ जुलैला इटलीच्या ताब्यातील दक्षिणेशी एक झाले. त्याच सोमालीलँडने १८ मे १९९१ रोजी पुन्हा वेगळे झाल्याची घोषणा केली. सोमालीलँडची राजधानी हर्गेसा, तिथल्या रहिवाशाला ‘सोमालियाचा’ म्हटले तर तो रागावेल, ‘सोमाली’ म्हटले तर बहुधा रागावणार नाही.

प्रतिसाद २

आपल्याला ‘टोळी’ खटकते यात काहीच चूक नाही. सोमाली भाषेत या घटकाला ‘कबील’ म्हणतात. हा अरबी ‘कबीला’, आणि आपल्या ‘कुटुंबकबिल्या’तला कबिलाही त्याच मुळाचा. मात्र मराठीत येता येता तो इतका आक्रसला की जुन्या मराठीत कबिला म्हणजे घरची मंडळी, कधी कधी तर केवळ बायको. त्यामुळे मूळ एक असले तरी तो इथे बिनदिक्कत वापरता येणार नाही. ‘हविये कबिला’ वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एक तर बैलगाडीत बसलेले कुटुंब उभे राहील, नाही तर हिंदी चित्रपटातला वाळवंटी सरदार.

कबील ही पित्याकडून येणारी वंशरेषा आहे. सोमाली मूल लहानपणीच ‘अबतिरसी’ शिकते, म्हणजे बाप, आजा, पणजा असे करत मूळ पुरुषापर्यंतची नावे पाठ म्हणते. ही नावे म्हणजे नुसती वंशावळ नव्हे, तर व्यवहाराची पतही आहे. एखाद्याच्या हातून खून झाला तर परंपरेने त्याची भरपाई एकट्याने द्यायची नसते. ती त्याच्या जवळच्या भावबंदांचा गट मिळून देतो आणि मृताच्या बाजूचा तसाच गट ती वाटून घेतो. पुरुषाच्या जिवाची परंपरागत भरपाई शंभर उंट मानली जाते. संकटात उभी राहणारी, हिशेबात भागीदार असणारी आणि वाटणीच्या वेळी भांडणारीही हीच माणसे असल्यामुळे या आतल्या वर्तुळाला मराठीत ‘भावकी’इतका नेमका दुसरा शब्द नाही. म्हणून माझी सूचना अशी की मोठ्या समूहाला ‘कूळ’ म्हणावे, त्याच्या शाखेला ‘पोटकूळ’ म्हणावे, आणि भरपाईचा भार वाहणाऱ्या गटाला ‘भावकी’. कुळकायद्यामुळे ‘कूळ’ म्हणजे जमीन कसणारा असा घोटाळा होऊ शकतो, पण संदर्भाने तो मिटतो.

आता राजकारणाकडे येतो, कारण या शब्दांचे खरे वजन तिथे कळते. २१ ऑक्टोबर १९६९ रोजी सत्ता बळकावल्यावर लष्करप्रमुख सियाद बार्रे यांनी कुळाचा उच्चारच निषिद्ध केला. अनोळखी माणसालाही ‘इना-अदेर’, म्हणजे ‘चुलतभाऊ’, अशी हाक मारण्याची जी रीत होती, तिच्या जागी ‘जाल्ले’, म्हणजे ‘साथी’, हा सरकारमान्य शब्द आला. लोकांनी त्यावर काढलेली पळवाट मला फार आवडते : कूळ तर आता उरलेच नाही, तेव्हा ते ‘तुमचे एक्स कोणते?’ असे विचारू लागले. ‘माजी’ या अर्थाचा हा इंग्रजी उपसर्ग अशा रीतीने सोमालीत चक्क ‘कूळ’ या अर्थाने रुळला. खुद्द बार्रे यांचा डोलारा मात्र मरेहान, ओगादेन आणि दुलबहांते या दारोदांच्या तीन पोटकुळांवर उभा असल्याचे लोक दबक्या आवाजात बोलत असत. जानेवारी १९९१ मध्ये राजवट कोसळली, तेव्हा शासनसंस्थाच नाहीशी झाली आणि संरक्षण मागायला भावकीखेरीज दार उरले नाही. ज्याला आपण ‘टोळीयुद्ध’ म्हणतो ते या पोकळीतून उद्भवले आहे. ‘टोळी’ या शब्दामुळे मात्र असे वाटते की ही माणसे मुळातच अशी आहेत.

प्रतिसाद ३

‘टोळी’ला इतके झोडपण्याचे कारण नाही. आमच्या बीडकडे ऊसतोडीची टोळी असते आणि त्यात काही कमीपणा मानत नाहीत.

प्रतिसाद २ चे उत्तर

तुमच्या उदाहरणातूनच फरक स्पष्ट होतो. ऊसतोडीची टोळी मुकादम उचल देऊन जमवतो आणि हंगाम संपला की ती मोडते. दरोडेखोरांची टोळीही अशीच जमवलेली असते. कुळात माणूस जन्मतो, आणि ज्याला ते नकोसे होते त्यालाही ते सोडत नाही. १९९० च्या दशकात मोगादिशूत लूटमार करणाऱ्या सशस्त्र तरुणांना सोमालीत ‘मूर्यान’ हा वेगळा, तिरस्काराचा शब्द आहे. ‘टोळी’ हवीच असेल तर ती तिथे वापरावी. दोघांना एकच शब्द लावला की लुटारू आणि लुटला गेलेला एकाच मापाने मोजले जातात.

प्रतिसाद ४

‘जमात’ मात्र टाळावी. अनुसूचित जमातींमुळे तिला आपल्याकडे प्रशासकीय अर्थ आहे, आणि कोकणात तर ती सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. आमच्या रत्नागिरीकडे ‘जमात’ म्हणजे गावातील मुसलमानांची संस्था, जी मशिदीचा कारभार पाहते आणि आपसातले तंटे मिटवते. जाता जाता एक सांगतो. सोमाली मुसलमान सुन्नी असून शाफई पंथाचे आहेत आणि कोकणी मुसलमानही शाफईच आहेत, जेव्हा की घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी आहेत. अरबी समुद्राच्या व्यापाराने दोन्ही किनाऱ्यांवर हा पंथ रुजवला. ‘मुस्लिम जग’ असा एकच ठोकळा करणाऱ्या लेखकांनी निदान इतका तपशील ध्यानात ठेवावा.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. ‘कूळ’ आणि ‘भावकी’ घेतो. सत्तावाटपाच्या ‘४.५’ सूत्राला ‘साडेचारचे सूत्र’ म्हणावे का?

प्रतिसाद २ चे उत्तर

अवश्य म्हणावे, पण ‘साडे’चा मराठी कानावर होणारा परिणाम लक्षात घ्यावा. साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठे, साडेतीन शहाणे यांमधला अर्धा आपल्याकडे मानाचाच असतो. तिथला अर्धा हा अवमान आहे. २००० साली जिबूतीतील आर्ता येथे भरलेल्या परिषदेत हे सूत्र पुढे आले : दारोद, हविये, दिर (यांतच इसाक धरले) आणि दिगिल-मिरिफले यांना प्रत्येकी एक वाटा, आणि सोमाली बांटू, बेनादिरी वगैरे उरलेल्या सर्व अल्पसंख्य समूहांना मिळून अर्धा. पुढे २७५ जागांच्या लोकसभागृहात याचा हिशेब असा झाला की चौघांना प्रत्येकी ६१ आणि बाकीच्यांना मिळून ३१. बांटूंना ‘जरेर’, म्हणजे राठ केसांचे, असे हिणवले जाते. बाहेरच्या जगात आपल्याला ‘काळे’ म्हणून तुच्छ लेखतात अशी ज्यांची रास्त तक्रार आहे, त्यांच्याच समाजात हा शब्द चालतो. लेखात हे झाकू नये. सोमाली लोकांचे चित्रण सुधारायचे म्हणजे त्यांना निर्दोष रंगवायचे असे नव्हे.

प्रतिसाद ५

सोमालियातील अल शबाब या सशस्त्र संघटनेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ‘शबाब’ म्हणजे तारुण्य, हे गझला ऐकणाऱ्यांना सांगायला नको. संघटनेच्या नावात अर्थ ‘तरुण’ असा आहे. पूर्ण नावात पुढे ‘मुजाहिदीन’ही आहे, म्हणजे जिहाद करणारे. आपली वर्तमानपत्रे त्यांना ‘जिहादी’ म्हणतात तेव्हा आपण टीका करतो आहोत असे या वर्तमानपत्रांना वाटते, पण प्रत्यक्षात ती त्या संघटनेचा स्वतःविषयीचा दावाच मान्य करत असतात.

सोमालियात नेमक्या याच दाव्यावरून शब्दांची लढाई चालू आहे. २०१५ मध्ये सरकारच्या गुप्तचर यंत्रणेने पत्रकारांना बजावले की यापुढे ‘अल शबाब’ न म्हणता ‘उगुस’ म्हणा; ‘सोमाली जनतेचे शिरकाण करणारी संघटना’ या सोमाली नावाची ती आद्याक्षरे होती. अलीकडे सरकारी निवेदनांत ‘खवारिज’ असतो. हा शब्द इस्लामच्या पहिल्या शतकातील आहे. हजरत अलींच्या पक्षातून जे बाहेर पडले आणि ज्यांच्यापैकी एकाने ६६१ मध्ये त्यांची हत्या केली, ते खारिजी. आपला ‘अर्ज खारीज’मधला खारीज याच धातूचा असल्यामुळे मराठी वाचकाला त्याची धार लगेच कळेल : तुम्ही धर्माचे रक्षक नसून धर्मातून बाहेर गेलेले आहात. पत्रकारांची मात्र यात कोंडी होते, कारण सरकारी शब्द वापरला तर बंदूक एका बाजूने रोखली जाते आणि नाही वापरला तर तुरुंग दुसरीकडे. आपण मराठीत ‘अल शबाब ही सशस्त्र संघटना’ असे सरळ लिहावे. तिच्या कृत्याला ‘दहशतवादी हल्ला’ म्हणावे, कारण ते तसेच असते.

१४ ऑक्टोबर २०१७ रोजी मोगादिशूतील झोबे चौकात ट्रकबाँब फुटला आणि पाचशेहून अधिक माणसे गेली. मेलेले जवळजवळ सगळे मुसलमान होते, आणि पुढच्या काही दिवसांत डोक्याला तांबड्या पट्ट्या बांधून निषेधासाठी रस्त्यावर उतरलेलेही. ‘मुस्लिम दहशतवाद’ या जोडशब्दात ही माणसे कुठे बसतात, हे तो लिहिणाऱ्यांनी सांगावे.

प्रतिसाद ६

वरच्याला जोड म्हणून जुने उदाहरण. १८९९ पासून १९२० पर्यंत ब्रिटिशांशी लढलेल्या सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन यांना इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘माथेफिरू मुल्ला’ ठरवले. सोमाली त्यांना आदराने ‘सय्यिदका’ म्हणतात आणि ते थोर कवी होते हे त्यांचे विरोधकही मानतात. आपल्याकडे ‘मुल्ला’, ‘मुलाणी’ हे गावगाड्यातले वतनदार असल्यामुळे मराठीत हा शब्द कधी भीतीचा नव्हता. तो आता भीतीचा झाला आहे आणि तो तसा इंग्रजी बातम्यांतून झाला आहे. १८९८ पर्यंत तो किनारा एडनमार्फत हिंदुस्थान सरकारच पाहत असे आणि एडन मुंबई इलाख्यात होते, हेही नोंदवून ठेवतो.

प्रतिसाद ७

‘हवाला’ आणि ‘चाचे’ राहिले.

सोमालियात बँका कोलमडल्यावर परदेशातल्या मुलांनी आईबापांना पाठवलेला पैसा ‘हवालाद’ पेढ्यांतून घरी पोहोचू लागला आणि कित्येक घरांची चूल त्यावर चालली. ७ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेने अल बरकात ही तिथली सर्वांत मोठी पेढी दहशतवादाच्या संशयावरून गोठवली. पुढे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या कर्मचाऱ्यांना त्या आरोपाला आधार देणारा पुरावा सापडला नाही. मराठीत ‘हवाला देणे’ हा सभ्य वाक्प्रचार असला तरी १९९० च्या दशकातील जैन प्रकरणापासून नुसता ‘हवाला’ म्हणजे काळा पैसा. म्हणून या जागी ‘हुंडीची पेढी’ म्हणावे, असे मी सुचवतो.

‘चाचे’ हा शब्द ठेवावा, कारण मार्च २०२४ मध्ये नौदलाने मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलेल्या ३५ जणांना दुसरे काही म्हणता येत नाही. परदेशी जहाजे त्यांच्या समुद्रातली मासळी बेकायदा उपसत होती हे खरे, आणि आपण किनाऱ्याचे रक्षक आहोत असे सुरुवातीचे चाचे म्हणत हेही खरे. पण कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रजांनी चाचा म्हटले होते, हा दाखला कृपया कोणी देऊ नये. आंगरे छत्रपतींचे सरखेल होते आणि परवाना घेतलेल्या जहाजाला जाऊ देत. यांनी खंडणीसाठी महिनोन्‌महिने ओलीस ठेवलेल्या खलाशांत आपलेही होते. आक्षेप आहे तो ‘सोमाली’ हे विशेषण केवळ ‘चाचे’ आणि ‘दुष्काळ’ या दोनच नामांना जोडण्याच्या सवयीवर. मे २०१६ मध्ये केरळातील आदिवासी बालमृत्यूंची तुलना पंतप्रधानांनी सोमालियाशी केली, तेव्हा मल्याळी जनता संतापली. त्या गदारोळात सोमालिया हे कोणाचे तरी घर आहे, याची आठवण फारशी कोणाला झाली नाही.

मूळ प्रश्नकर्ता

शेवटची शंका. सोमाली नावे मराठीत कशी लिहावीत? वृत्तसंस्थांच्या स्पेलिंगवरून ‘मोहामुद’, ‘मोहमद’ असे काहीही होते.

प्रतिसाद २ चे उत्तर

१९७२ मध्ये सोमालीसाठी रोमन लिपी स्वीकारताना ‘एक्स’ हे अक्षर घशातल्या ‘ह’साठी आणि ‘सी’ हे अरबी ‘ऐन’साठी ठरवले. त्यामुळे मूळ सोमाली लेखनात ‘एक्स’ने सुरू होणारे नाव ‘झसन’ नसून ‘हसन’ असते आणि ‘सी’ने सुरू होणारे ‘कली’ नसून ‘अली’. सोमाली नावात स्वतःचे, बापाचे आणि आज्याचे अशी तीन नावे असतात, आडनाव नसते, आणि लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. विद्यमान राष्ट्राध्यक्षांचे नाव ‘हसन शेख महमूद’ असे लिहावे आणि पुढील उल्लेखात त्यांना ‘महमूद’ न म्हणता, तिथले लोक म्हणतात तसे, ‘हसन शेख’ म्हणावे. त्यांच्या आधीच्या अध्यक्षांना सगळे ‘फर्माजो’ म्हणतात. ते वडिलांकडून आलेले टोपणनाव आहे, मूळ इटालियन, अर्थ ‘चीज’. ते तसेच ठेवावे, भाषांतर करू नये.