दुसरी किल्ली डॅशबोर्डमागे चिकटवून रिमोट स्टार्टर बसवावा का?

बावधनकर
माझी गाडी 2017 ची, बेस मॉडेल, मॅन्युअल गिअरची. वडिलांच्या बोटांना संधिवात आहे, दारात किल्ली फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावर कळ दिसते. म्हणून कीलेस एंट्री बसवायला शनिवारी नाना पेठेत गेलो. दुकानदाराने त्याच किटमध्ये रिमोट स्टार्टर दाखवला. बटण दाबलं की गॅलरीतून गाडी चालू, एसी चालू. मलाही मोह झाला. मग तो म्हणाला, "दुसरी किल्ली आणलीय ना? ती आत ठेवावी लागेल."

आत म्हणजे कुठे, ते शेजारच्या गाडीत दिसलं. स्टिअरिंगखालचं पॅनेल काढलेलं, आणि मालकाची खरी किल्ली तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात घालून काळ्या टेपने वायरच्या जुडग्याला बांधलेली. मी किट न घेताच परत आलो.

किल्लीच्या प्लास्टिकमध्ये एक बारीक चिप असते. इग्निशनच्या कुलपाभोवतीची कॉइल तिला जागं करते, ती आपली ओळख सांगते, आणि ती पटली तरच इंजिन चालू राहतं. हाच इमोबिलायझर. नुसती पाती कापून केलेल्या डुप्लिकेट किल्लीने गाडी चालू होत नाही ती याच्यामुळे. रिमोटने चालू करतानाही ती ओळख पटावी लागते, म्हणून दुसरी किल्ली आत. पण ती चिपच कायमची गाडीत बांधून ठेवायची म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यासारखं आहे.

शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी दोन्ही किल्ल्या मागते. एक तर गाडीबरोबरच गेलेली असणार. तेव्हा काय सांगायचं? माझं स्पष्ट मत आहे की जुन्या गाडीत कीलेस लॉकिंग जरूर बसवावं, रिमोट स्टार्टर बसवू नये.

हडपसरवाली
दादा, तुमच्या वडिलांसाठी कीलेस गरजेचं आणि माझ्या सासूबाईंसाठी स्टार्टर नको, हे कसं ठरवलंत? सासूबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. दुपारी दोनला त्या बाहेर येतात तेव्हा अंगात उभं राहण्याचंही बळ नसतं. गाडी उघड्यावर, एप्रिल-मे महिना, पुण्याचं ऊन चाळिशीला टेकलेलं. सीटबेल्टचं बकल हाताला चटका देतं. पूर्वी त्यांना पायरीवर बसवून मी पळत जायची, गाडी चालू करायची, दारं उघडी टाकून गार होण्याची वाट बघायची, तोवर त्या एकट्या. आता लिफ्टमधून उतरतानाच बटण दाबते. पाच-सात मिनिटांत आत बसण्याजोगं होतं.

दोन वर्षं वापरतेय. गाडी ऑटोमॅटिक आहे, लिव्हर 'पी' म्हणजे पार्किंगवर नसेल तर सुरूच होत नाही. चोरीची भीती मलाही आहे, पण मला रोजचा त्रास आधी दिसतो.

टेकडीकाठ
ऑटोमॅटिकचं मान्य. मॅन्युअलला मात्र ठाम विरोध, कारण आमच्या सोसायटीत हे घडलंय. शेजाऱ्यांनी गाडी उतारावर होती म्हणून सवयीने पहिल्या गिअरमध्ये लावली होती. सकाळी वरून बटण दाबलं. गाडीने उडी मारली आणि पुढच्या दोन स्कूटर आडव्या पाडल्या. पाच मिनिटांपूर्वी तिथे शाळेच्या रिक्षाची वाट बघत मुलं उभी होती. उतारावर गिअर टाकून गाडी लावायची सवय आपल्या हाडात मुरलेली आहे, आणि ती चांगली सवय आहे. एका बटणासाठी ती का मोडायची?

तारवाला
मी बावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, हे किट बसवतो आणि काढूनही देतो. दोन-तीन गोष्टी नीट सांगतो.

बावधनकर, तुम्ही पाहिलेलं काम चुकीचंच आहे, पण सगळी कामं तशी नसतात. बरोबर पद्धतीत किल्लीभोवतीचं वेटोळं रिलेमधून, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचमधून, जोडतात. रिमोटने स्टार्ट केलं तेवढ्यापुरतीच रिले जोडणी करते, एरवी आतली चिप कुलपाच्या कॉइलला दिसतच नाही. चोराने पाती फिरवली तरी इंजिन दाद देत नाही. रिले आणि अर्ध्या तासाची मेहनत वाचवायला काही जण ते वेटोळं कायमचं जोडून टाकतात.

तपासायला सोपं आहे. चौकातल्या किल्लीवाल्याकडून बिनचिपची नुसती पाती कापून घ्या. तिने इंजिन चालू राहिलं, तर तुमचा इमोबिलायझर नावापुरता उरला आहे.

मॅन्युअल गाडीबद्दल टेकडीकाठ यांच्याशी सहमत, पण त्या गाडीत किट अर्धवट बसवलं होतं एवढं नक्की. चांगल्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे किटच्या कंट्रोल डबीत, गाडी न्यूट्रलला घेऊन, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू असतानाच उतरायचं असतं. सगळी दारं लागली की मॉड्यूल स्वतः इंजिन बंद करतं. गिअर टाकलेला असता तर इंजिन तिथेच आचका देऊन बंद पडलं असतं, म्हणजे गाडी न्यूट्रलला आहे याची खात्री झाली. नंतर कुणी दार उघडलं की ती खात्री रद्द, रिमोट स्टार्ट होत नाही. यासाठी चारही दारांचे आणि बॉनेटचा स्विच जोडावे लागतात. बॉनेटचा स्विच तर कधीच वगळू नये, मेकॅनिकचा हात फॅनबेल्टजवळ असताना वरून कुणी बटण दाबलं तर बोटं जातील. एवढं सगळं मी मन लावून जोडतो, तरीही मॅन्युअलवाल्या गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगतो.

बॅटरीचंही बघा. किट झोपेत 30 मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवर, तीन आठवड्यांत पंधरा. छोट्या गाडीची बॅटरी 35-45 ची. गावाला जाऊन आलात की गाडी धक्क्याला.

सदाशिवपेठी
कायद्याचं कुणी बोललं नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 126. सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी ठेवायची तर चालकाच्या जागी परवानाधारक माणूस हवा, नाहीतर यंत्रणा बंद करून ब्रेक लावलेला हवा. पेठेत आमच्या सगळ्या गाड्या रस्त्यावर. तिथे रिकाम्या गाडीचं इंजिन चालू करणं या कलमात बसत नाही.

हडपसरवाली
काका, कलम मी आत्ता पूर्ण वाचलं. पुढे असंही आहे की चालक नसताना गाडी चुकून हलणार नाही अशी दुसरी व्यवस्था केलेली असावी. 'पी' मधली, हँडब्रेक ओढलेली गाडी हलत नाही. आणि दवाखान्याचं आवार हा रस्ता नव्हे.

सदाशिवपेठी
ताई, ती दुसरी व्यवस्था ब्रेकला पर्याय म्हणून सांगितली आहे, यंत्रणा बंद करण्याला नव्हे, असं माझं वाचन. आणि जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक ठिकाण आहे. आवाराबद्दल वाद होऊ शकतो, तुमच्या अडचणीबद्दल नाही. फक्त तळघरातल्या पार्किंगमध्ये हे कधीच करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वॉचमनची खुर्ची बऱ्याचदा तिथेच असते.

बावधनकर
तारवाला, रिलेची गोष्ट मला माहीत नव्हती. सगळ्या किटना मी एकाच मापाने मोजलं, ते चुकलं. पण रिले लावूनही दुसरी किल्ली गाडीतच अडकते, आणि क्लेमचा प्रश्न तसाच राहतो.

कीलेसपुरतं सांगायचं तर, जिथे रिमोट खिशातच राहतो आणि नुसतं हँडलला हात लावून दार उघडतं, तो प्रकार मी घेणार नाही. गाडीची हाक आणि रिमोटचं उत्तर मधल्या मध्ये दोन यंत्रांनी लांबवर पोचवून गाड्या पळवतात. तशी गाडी असणाऱ्यांनी रात्री रिमोट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून बघावा. डबा गाडीला टेकवूनही दार उघडलं नाही तर डबा कामाचा. मी बटण दाबून उघडणारं साधं सेंट्रल लॉकिंग घेतोय, दर वेळी कोड बदलणारं.

तारवाला
घ्या. फक्त जॉइंट सोल्डर करून घ्या, वायर सोलून पिळलेले नकोत. पहिल्या पावसाळ्यात हिरवे पडतात. आणि बिल जपून विमा कंपनीला कळवा. कंपनी फिटिंग नसलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंचा विमा वेगळा घ्यावा लागतो, जादा प्रीमियम भरून.

हडपसरवाली
दोन दिवसांनी लिहितेय. बिनचिपची पाती कापून आणली आणि फिरवली. इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. दोन वर्षं गाडी तशीच दवाखान्याबाहेर उभी करत होते, याने पोटात गोळा आला. मग यांनी पॅनेल काढलं. टेप उन्हाने वितळून किल्लीला चिकटलेली, रिले कुठेच नाही.

स्टार्टर काढणार नाही. शुक्रवारी सासूबाईंना सोडून आले की रिले बसवून घेणार आहे. तारवाला, त्या तीन तासांत काम होईल का? दोनला मला गाडी हवी आहे.

तारवाला
ताई, रिले आणि बॉनेटचा स्विच मिळून दीड तास. पाती बरोबर आणा, जाताना तुमच्यासमोर फिरवून दाखवायला सांगा.