बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज : वाढण्यासाठी बांधलेली घरे पाडली गेली, त्याचा अर्थ काय लावायचा?

लाकडी_वासा :

गेल्या महिन्यात वास्तुरचनेच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये गेलो होतो. ज्यांना ही वसाहत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 1986 या काळात सुमारे साडेपाच हेक्टर जागेवर साधारण 550 कुटुंबांसाठी ही बैठी वसाहत उभी केली. सात घरांच्या मध्ये सुमारे 8 मीटर बाय 8 मीटरचे एक अंगण, अशा तीन गटांच्या मिळून 21 घरांना 12 मीटर बाय 12 मीटरचा चौक आणि त्याच पद्धतीने पुढे आणखी मोठी मोकळी जागा, अशी ही रचना आहे. प्रत्येक घर स्वतःच्या भूखंडावर स्वतंत्र उभे असून कोणतीही भिंत शेजाऱ्याशी सामायिक नाही, जेणेकरून प्रत्येकाला आपले घर आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवता यावे. एकही उंच इमारत न बांधता हेक्टरी 500 माणसांची वस्ती सामावून घेता येते, हे या आराखड्याने सिद्ध केले. आपल्याकडच्या गृहरचनेत इतका नवा विचार त्यानंतर फारसा झालेला नाही, असे माझे ठाम मत आहे.

आम्ही ज्या अंगणात उभे होतो तिथल्या सात घरांपैकी फक्त एक मूळ रूपात उरलेले होते. त्याच्या उतरत्या कौलारू छपराच्या तिन्ही बाजूंना तीन-तीन मजल्यांच्या सपाट गच्च्या, काचेचे कठडे आणि ग्रॅनाइटचे खांब होते. दुपारचे साडेतीन वाजले होते, तरी अंगणाच्या फरशीवर उन्हाचा एक पट्टासुद्धा नव्हता. एका विद्यार्थिनीने चित्र काढण्यासाठी वही उघडली आणि थोड्या वेळाने मिटून ठेवली. जे काढायला आलो होतो ते इथे नाहीच, असे ती म्हणाली.

माझे म्हणणे असे आहे की ही उत्क्रांती नव्हे, ही हानी आहे. घरमालकांनी आराखड्यात काही भर घातलेली नसून तो पुसून टाकला आहे. उंचीवर कडक मर्यादा घालावी आणि निदान एक 21 घरांचा गट तरी वारसा म्हणून तातडीने जपावा, असे मला वाटते. इतरांची मते वाचायला आवडतील.

जोते :

आपल्या तळमळीबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष मुळातच उलटा वाटतो. ज्या रचनाकाराने भिंती मुद्दाम सुट्या ठेवल्या, त्याने बदलाची परवानगी पहिल्या दिवशीच देऊन ठेवली होती. आता रहिवाशांनी ती वापरली तर तक्रार कशाची करायची?

शिल्प आणि घर यांतला फरक इथे विसरला जातो आहे. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे शिकागोमधले ‘क्लाउड गेट’ घ्या. पोलादाचे 168 पत्रे जोडल्यावर त्यांचे सांधे दिसेनासे होईपर्यंत घासले गेले आणि 2006 मध्ये ते काम खऱ्या अर्थाने संपले. त्याला नंतर कोणी काही जोडावे अशी अपेक्षाच नाही, उलट ते तसेच राहावे म्हणून रोज पुसले जाते. घर मात्र मुले मोठी झाली, सून आली, आईला जिना चढवेनासा झाला, की बदलावेच लागते. बेलापूरच्या घरांना ‘क्लाउड गेट’चा न्याय लावला तर ती वसाहत पाहुण्यांसाठी सुंदर होईल आणि राहणाऱ्यांसाठी तुरुंग होईल. विद्यार्थिनीने वही मिटली याचे मला वाईट वाटले. खरे तर तिने ग्रॅनाइटचे खांबच काढायला हवे होते, कारण या माणसांना कोणते घर हवेसे वाटते, हे त्या खांबांतच दिसते.

अंगणकाठ :

मी वास्तुरचनाकार नाही. माझी मावशी तिथे 1991 पासून राहते आणि माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्या अंगणात गेल्या आहेत, म्हणून लिहिते.

मावशीचे मूळ घर फार देखणे होते, यात वाद नाही. पण कोकणपट्टीतल्या पावसात कौलारू छप्पर म्हणजे दरवर्षीचे काम असते. मे महिन्यात माणूस बोलावून कौले परतायची, फुटकी बदलायची, वाशांना वाळवी लागली का ते बघायचे. आधी काकाच शिडी लावून वर चढत. साठी उलटल्यावर त्यांना ते जमेना आणि ते काम जाणणारी माणसेही मिळेनाशी झाली. तोवर दोन्ही मुलांची लग्ने झाली होती. वर एक खोली काढावी म्हणून अभियंत्याला दाखवले, तेव्हा त्याने भिंतीवर हात ठेवून सांगितले की ही वीटकामाची भिंत सध्याचे छप्पर पेलते, पण आणखी एक स्लॅब आणि त्यावरची खोली पेलेल याची हमी देता येणार नाही. खोली हवी असेल तर घर पाडून आरसीसीच्या खांबांवर नव्याने बांधावे लागेल. 2009 मध्ये त्यांनी तेच केले. घर पाडायच्या आदल्या दिवशी मावशीने जुन्या दाराची चौकट काढून ठेवायला लावली. ती आता गच्चीवरच्या खोलीला बसवलेली आहे, आणि चौकटीवर आम्हा भावंडांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा अजून आहेत.

म्हणून मला तुम्हा दोघांचेही पूर्ण पटत नाही. लाकडी_वासा म्हणतात तसे आम्ही काही पुसायला निघालो नव्हतो. पण जोते म्हणतात तशी घराची वाढही झाली नाही, कारण वाढायला ते घर तयारच नव्हते. जागा वाढीची होती, भिंत वाढीची नव्हती. आणि तरीही अंगण टिकले. हळदीकुंकू तिथेच होते, उन्हाळ्यात पापडांचे वाळवण अजूनही तिथेच पडते. सात घरांचे असल्यामुळे ते एकट्या कोणाला विकता आले नाही, की त्यावर बांधताही आले नाही.

नऊइंची :

अंगणकाठ यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी बांधकाम अभियंता आहे, म्हणून त्याच मुद्द्यावर जरा विस्ताराने लिहितो.

‘वाढते घर’ ही कल्पना जगात वेगवेगळ्या तऱ्हेने राबवली गेली आणि तिचे भवितव्य बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर ठरले : पहिल्या टप्प्यात रहिवाशाच्या हाती नेमके काय द्यायचे? पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत सुमारे 6,500 भूखंडांचा आराखडा केला. तिथे सर्वांत गरीब कुटुंबांना जोते, संडास-न्हाणीचा गाभा आणि नळ-गटारांची जोडणी दिली, आणि घर कसे वाढू शकते ते दाखवण्यासाठी 80 नमुना घरे बांधली. अपूर्ण गोष्ट अपूर्ण म्हणूनच हाती आल्यामुळे ती पुरी करताना कोणाला काही पाडावे लागत नाही. चिलीमधल्या इकिके शहरात आलेहांद्रो अरावेना यांच्या गटाने 2004 मध्ये क्विंता मोनरॉय ही वसाहत पुरी केली. प्रत्येक कुटुंबामागे जमिनीसह फक्त साडेसात हजार डॉलरचे अनुदान होते. त्या पैशात लहानसे पूर्ण घर बांधण्याऐवजी त्यांनी चांगल्या घराचा अर्धा भाग बांधला, आणि तोही अवघड अर्धा : सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर. दोन घरांमधल्या पोकळ्या रहिवाशांनी स्वतः भरायच्या होत्या, आणि त्या भरताना मूळ बांधकामाला धक्का लावावा लागत नव्हता.

बेलापूरमध्ये याच्या उलट झाले. तिथे साध्या गवंड्याला जमेल असे, भिंतींवर भार घेणारे, दिसायला पूर्ण आणि सुंदर असे घर दिले गेले. भूखंडावर मोकळी जागा ठेवली, म्हणजे आडवी वाढ शक्य होती. पण 45 ते 75 चौरस मीटरच्या भूखंडावर ती दोन पावलांत संपते आणि मग वर जाण्यावाचून गत्यंतर नसते. त्या काळच्या खर्चाच्या मर्यादेत आरसीसीचा सांगाडा देणे परवडले नसते, हे मान्य आहे. तरीही पायथ्याशी थोडे जास्त सिमेंट आणि कोपऱ्यांत चार खांबांचे तळ इतके जरी दिले असते, तरी कितीतरी घरे पाडावी लागली नसती, असे मला व्यवसायाच्या अनुभवावरून वाटते.

उन्हाबद्दलही एक हिशेब मांडतो, कारण लाकडी_वासा यांच्या लेखातली सर्वांत ठोस गोष्ट तीच आहे. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईच्या अक्षांशावर भर मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून साधारण 47 अंशांपर्यंतच चढतो. 6 मीटर उंचीच्या भिंतीची सावली तेव्हा साडेपाच मीटर पडते, म्हणजे 8 मीटरच्या अंगणात अडीच मीटर ऊन उरते. भिंत 10 मीटर झाली की सावली 9 मीटरच्या पुढे जाते आणि अंगणात ऊन शिरतच नाही. अंगणाचे माप आणि घराची उंची हा एकच निर्णय होता. त्यातला अर्धा टिकला आणि अर्धा गेला.

लाकडी_वासा :

अंगणकाठ, तुमच्या चौकटीबद्दल वाचून मी बराच वेळ थांबलो. ‘पुसून टाकला’ हे शब्द मी तुमच्या मावशींसारख्या कुटुंबांबद्दल वापरायला नको होते. ते मागे घेतो. नऊइंची यांचा सांगाड्याचा मुद्दाही मान्य करतो, आणि वर्गात ही वसाहत शिकवताना मी तो आजवर कधी मांडला नाही, ही माझी उणीव आहे.

पण ऊन-सावलीच्या हिशेबानंतर माझी मूळ मागणी अधिकच पक्की झाली आहे. जोते म्हणतात की बदल हाच हेतू होता. हेतू बदलाचा होता, पण एकाच्या बदलाने दुसऱ्याचे ऊन जाऊ नये हाही होता, नाहीतर भिंती इतक्या काळजीने सुट्या का ठेवल्या असत्या? फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या पेसाक येथे वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी 1920 च्या दशकात बांधलेल्या घरांनाही रहिवाशांनी उतरती छपरे बसवली, रुंद खिडक्या बुजवून लहान केल्या, गच्च्या झाकल्या. पुढे त्यांतली अनेक घरे मूळ रूपात आणली गेली आणि 2016 मध्ये ती वसाहत जागतिक वारसा यादीत गेली. म्हणजे हे करता येते. आपल्याकडे उलट उदाहरण आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे वास्तुरचनाकार राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे प्रदर्शन-दालन 2017 च्या एप्रिलमध्ये पाडले गेले, आणि वारसा ठरण्यासाठी इमारत 60 वर्षांची हवी, हा निकष त्याला वाचवण्याच्या आड आला. बेलापूरला आता कुठे चाळीस वर्षे होत आहेत. साठ होईपर्यंत जपायला तिथे काय उरणार आहे?

पाणंद :

जपावे, हे बोलायला सोपे आहे, पण जपण्याचा खर्च कोणी सोसायचा हे धाग्यात अजून कोणीच सांगितलेले नाही. मुंबईत 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने वारसा इमारतींच्या मालकांना हस्तांतरणीय विकास हक्कांची, म्हणजे आपल्या जागेवर न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची, सोय करून दिली. फोर्टमधल्या मोठ्या इमारतीच्या मालकाला त्यातून काहीतरी हाती लागू शकते. साठ चौरस मीटरच्या भूखंडावरच्या निवृत्त कारकुनाच्या हाती किती लागणार? या वसाहतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट कौलेही नव्हेत आणि अंगणही नव्हे. लहान उत्पन्नाच्या आणि मोठ्या उत्पन्नाच्या कुटुंबांच्या भूखंडांत फारसा फरक ठेवला नाही, ही ती गोष्ट आहे. उंचीवर बंदी आली तर ज्याच्याकडे दुसरे घर आहे तो हे घर शोभेसाठी जपेल, आणि ज्याच्याकडे नाही तो विकून दूर जाईल. मग वाचलेल्या कौलांखाली ती समानता उरणार नाही.

जोते :

पाणंद यांच्याशी सहमत आहे. पण नऊइंची यांचा हिशेब वाचून माझेही मत थोडे हलले आहे, हे नोंदवतो. घर बदलण्याचा हक्क मी अजूनही मानतो. शेजाऱ्याचे ऊन मात्र माझ्या मालकीचे नाही. सरसकट मजल्यांवर बंदी न घालता, अंगणाच्या बाजूने ठरावीक उंचीनंतर भिंत मागे घेण्याचा नियम करता येईल का? मागच्या बाजूने कोणी तिसरा मजला चढवला तरी अंगणाला त्याची झळ कमी लागेल.

नऊइंची :

करता येईल. पहिल्या 6 मीटरनंतरची भिंत साडेतीन-चार मीटर मागे घेतली, तर वरच्या मजल्याची सावली खालच्या भिंतीच्या सावलीपलीकडे जात नाही. डिसेंबरातही मग अंगणात जवळपास पूर्वीइतकेच ऊन राहील. अडचण इतकीच आहे की इतक्या लहान भूखंडावर चार मीटर म्हणजे अख्खी खोली जाते.

अंगणकाठ :

काल मावशीशी बोलले. तिच्या अंगणात हाच प्रश्न आधी येऊन गेला आहे, हे मला ठाऊक नव्हते. समोरच्या घरी तिसरा मजला चढणार होता, तेव्हा त्यांच्याच आजींनी हरकत घेतली, कारण अंगणातल्या तुळशीला थंडीत मिळणारे थोडेसे ऊनही गेले असते. मग त्यांनी वरची खोली मागे सरकवून अंगणाच्या बाजूला उघडी गच्ची ठेवली. खोली लहान झाली, पण त्या गच्चीवर आता वाळवण अंगणापेक्षा चांगले वाळते, असे मावशी म्हणाली. त्यानंतर आणखी दोघांनी तसेच बांधले. मात्र मेच्या दुपारी मोठ्या घरांच्या सावलीत बसायला मिळते, ते तिला आवडते, हेही तिने आवर्जून सांगितले.

कोपऱ्यातले कौलारू घर आता विकायला निघाले आहे. घेणाऱ्याला अंगणाच्या कडेपर्यंत सरळ तीन मजले हवे आहेत. उरलेली सहा कुटुंबे येत्या रविवारी त्याच्याशी बोलणार आहेत. नऊइंची, तुमचा सावलीचा हिशेब छापून त्यांना दिला तर चालेल का?