उधाण, भांग आणि वलांडी : वेसाव्याच्या कोळीवाड्यातले अर्थ

विचारणा : बातम्यांत 'उधाण' म्हणजे खवळलेला समुद्र. वेसाव्याचे, म्हणजे मेट्रोच्या पाटीवरच्या वर्सोव्याचे, कोळी मात्र शांत पाण्यातही उधाण आहे म्हणतात. आणि 'भांग' म्हणजे काय?

– उधाणाचं नातं चंद्राशी, वाऱ्याशी नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतर एकदोन दिवस भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटीही तितकीच खाली जाते, ते उधाण. अष्टमीनंतर हा फरक सर्वांत कमी होतो, तो भांग. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या आसपास जाते, भांगाची साडेतीनच्या. लाटा वाऱ्याच्या. पावसाळ्यात दोन्ही एकदम येतात, म्हणून गल्लत होते. तरी छापताना ती टाळायलाच हवी.

– तिथीवरून वेळही निघते. पक्षातल्या तिथीची पाऊणपट करा : चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्री अशी दोनदा. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, कारण भरती रोज ४५ नव्हे, सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते.

– डोलीशिवाय हे शब्द कळणार नाहीत. डोल हे नरसाळ्याच्या आकाराचं जाळं. तोंड प्रवाहाकडे, शेपटाकडचा बंद भाग म्हणजे खोला. ते ओढत नेत नाहीत, समुद्रात एका जागी बांधतात. बोंबील, जवळा प्रवाहच आत लोटतो. उधाणात पाण्याला ओढ असते म्हणून मासळी मिळते. भांगात ओढ मरते, जाळं ढिलं पडतं. ते दिवस जाळी सांधण्याचे. पाणी थांबतं तेवढ्या वेळात खोला वर घ्यायचा. उशीर झाला की प्रवाह उलटतो आणि मासळी तोंडातून परत जाते.

विचारणा : वलांडी म्हणजे बांबूंचा मांडवच ना?

– मांडव नाही, वर छप्पर नसतं. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. कडक ऊन असेल तर दोनतीन दिवसांत वाळतात. बोंबलात पाणीच फार. आभाळ भरलं किंवा अवकाळी पाऊस आला की ते कुजतात आणि खताच्या भावानं जातात. वलांडीला उघडी, वाऱ्याची जागा लागते. इमारती किनाऱ्याला भिडलेल्या अंधेरीच्या या टोकाला तीच कमी पडत चालली आहे.