मदत हवी आहे: ड्रोनच्या नकाशावरून मातीचे नमुने कुठून घ्यावेत?

निफाड तालुक्यात 12 एकर सलग रान आहे. खाली खोल काळी, वर चढाला मुरमाड. पेरणीआधी उघड्या जमिनीवर मल्टिस्पेक्ट्रल (डोळ्याला न दिसणारा प्रकाशही टिपणारा) ड्रोन उडवून घेतला. सेंटिनेल-2 या उपग्रहाची, 10 मीटरला एक ठिपका अशी उन्हाळी चित्रंही पाहिली. फिकट पट्टे दोन्हींत त्याच जागी येतात. पण ओलीने माती गडद दिसते, चुनखडीने फिकट, आणि ड्रोनला फक्त वरचा पापुद्रा दिसतो. मला तर माती किती खोल आहे तेच हवं आहे, ठिबकचे भाग त्यावर पाडायचेत. क्यूजीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर) येतं. मातीची विद्युतवाहकता मोजायचं यंत्र इथे भाड्याने मिळत नाही, आणि प्रयोगशाळेचा खर्च आठ-दहा नमुन्यांपुरताच झेपेल. चुनखडीचे पट्टे ओलीपासून वेगळे कसे ओळखता? आणि खोली तपासायला गिरमिट पट्ट्यांच्या मध्यावर मारावं की सीमेवर?