'शून्य भार' म्हणे!

सह्यकडा: काल इथे एकाने लिहिलं, 'इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, आता निसर्गावर माझा भार शून्य.' शून्य? मोटरच्या चुंबकातलं डिस्प्रोसियम ('रेअर अर्थ', म्हणजे दुर्मिळ मृदा गटातला एक धातू) बरंचसं म्यानमारच्या काचिन राज्यातून चीनला जातं. तिथे डोंगराला भोकं पाडून मातीतला धातू सुटावा म्हणून अमोनियम सल्फेट ओततात आणि झिरपलेलं पाणी खाली तळ्यांत धरतात. डोंगर खचतो, ओढे नासतात. पुण्यातून दिसत नाही, एवढंच.

भोसरीकर: तो मीच. पेट्रोल काय तुळशीवृंदावनात उगवतं? एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियमसकट सात रेअर अर्थ धातूंना आणि त्यांच्या चुंबकांना निर्यात परवाना लावला. आमच्या शॉपला माल येईना. लाइन बंद, कंत्राटी पोरं घरी. त्यात माझा मावसभाऊ. थोडं त्याच्यासाठीही रडा.

गोमू: मी आठ महिने सोसायटीत चार्जिंग पॉइंट मागतेय. सेक्रेटरी म्हणतो, आग लागेल.

भोसरीकर: आमच्याकडेही तेच! वेगळा मीटर घ्या म्हणाले, घेतला. आता म्हणतात पार्किंग तुमच्या नावावर नाही.

नाना: सेक्रेटरी बरोबर आहे. लिथियम पेटतं. हे रेअर अर्थच मुळात धोकादायक.

सह्यकडा: नाना, लिथियम रेअर अर्थ नाही. कोबाल्टही नाही.

नाना: शिकवू नका. चाळीस वर्षं वायरिंग केलंय.

गोमू: मग सांगा ना, पंधरा अँपिअरच्या सॉकेटने आग लागते का?

नाना: अर्थिंग नसेल तर लागते. तुमच्याकडे आहे का? बघा आधी.

बदलीवाला: मी तीन वर्षं कोल्लमला होतो. जवळच अलप्पाड. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कालवा, मध्ये चिंचोळी पट्टी आणि काळी वाळू, मोनाझाइटवाली, म्हणजे रेअर अर्थचं खनिज असलेली. २०१८-१९ मध्ये तिथे खाणीविरुद्ध मोठं आंदोलन झालं. घरमालकीणबाईंनी माहेरची विहीर दाखवायला नेलं आणि बोट केलं लाटांकडे. कुणी म्हणतं समुद्राने खाल्ली, त्या म्हणतात उपशाने.

भोसरीकर: म्हणजे चीनची नको, आपली खाणही नको. बैलगाडी घेऊ?

सह्यकडा: भंगारातल्या हार्ड डिस्कमधली रेअर अर्थ चुंबकं कुठे जातात, ते बघ आधी.

भोसरीकर: मी काढलीत. दोन चिकटली तर मधल्या बोटाची सालं निघतात. भंगारवाला ॲल्युमिनियम तोलून घेतो, चुंबक टाकून देतो. बरं बाबा, 'शून्य' खोडतो. 'पाव' लिहू का, महाराज?

सह्यकडा: 'पाऊण' लिही.

गोमू: अर्थिंग आहे हो नाना. सेक्रेटरीला तुम्ही फोन कराल का?