विषय: ओकी बेटावरचं सरकारी हायस्कूल, कुणी गेलंय का?

नमस्कार मंडळी,
लेक चुगाक्कोच्या (इथली नववीपर्यंतची शाळा) शेवटच्या वर्षाला आहे आणि परवा घरी येऊन म्हणते मला शिमाने प्रांतातल्या ओकी दोझेन हायस्कूलला जायचंय, तिथे बाहेरची मुलं घेतात म्हणे. योकोहामा सोडून भर समुद्रात कशाला? सासूबाई तर म्हणाल्या, पोरीला काळ्या पाण्यावर धाडताय का!
— योकोहामाची वहिनी

---

वहिनी, सासूबाई फार चुकल्या नाहीत हो :) ही शाळा ज्या आमा गावात आहे ते म्हणजे खरंच हद्दपारीची जागा, सम्राट गोतोबाला १२२१ मध्ये तिथेच पाठवलं होतं आणि १२३९ मध्ये तो तिथेच वारला.

शाळेचं म्हणाल तर १९५५ मध्ये ओकी हायस्कूलची शाखा म्हणून सुरू झाली आणि १९६५ मध्ये स्वतंत्र झाली. दोझेनच्या तीन बेटांत हायस्कूल हे एकच. पुढे बेटावर मुलंच कमी झाली आणि त्यातलीही बरीच पंधराव्या वर्षी मुख्य भूमीवर जायची, २००८ च्या सुमारास तिन्ही वर्षांचा मिळून पट ९० च्या आसपास आला आणि बंद करायच्या गोष्टी सुरू झाल्या. आता गंमत बघा, शाळा प्रांताची, गावाला अधिकार काहीच नाही, पण गावाने हिशोब केला की शाळा गेली तर पोराला बाहेर ठेवायचा खर्च आई-बापांना झेपणार नाही, मग ते घरच उचलून निघतील, आणि लहान मुलं असलेलं घर गेलं की गावात उरतं कोण? मग आमा आणि शेजारच्या बेटांवरची निशिनोशिमा आणि चिबु या तीन गावांनी शाळा सावरायचं मनावर घेतलं. २०१० मध्ये 'शिमा र्‍युगाकु' सुरू केलं, म्हणजे बाहेरच्या मुलांनी तीन वर्षं बेटावर शिकायचं, होस्टेलला आणि घरी जायच्या तिकिटाला मदत. शिवाय गावाचाच सरकारी क्लास, कारण बेटावर ज्युकु (खाजगी शिकवणी) कुठून आणणार. २०१२ ला पहिल्या वर्षाला पुन्हा दोन तुकड्या झाल्या आणि पुढे पट १८० च्या घरात गेला.

मुलांना गावातल्या खऱ्या अडचणींवर काम करायला लावतात, मला तरी क्लासपेक्षा हेच भारी वाटतं. २००९ मध्ये 'कान्को कोशिएन' या हायस्कूलच्या मुलांनी सहली आखायच्या पहिल्याच स्पर्धेत इथल्या मुलांनी देखावे दाखवायच्या ऐवजी बेटावरची माणसं भेटवणारी टूर आखली आणि पहिला नंबर काढला.
— निशिकासाईचे काका

---

काका, थँक्यू, पण बाहेरची पोरं तीन वर्षांनी परतच जाणार ना? मग बेटाला काय मिळालं?

---

जाणारच की. बेटावर कॉलेज नाही, तिथली स्वतःची मुलंसुद्धा अठराव्या वर्षी जातात. पण पंधराव्या वर्षी जाणं आणि अठराव्या वर्षी जाणं यात आख्ख्या घराचा फरक आहे. बाकी कोंबिनी (चोवीस तास उघडं दुकान) नाही, बोटीला तीनेक तास लागतात, हिवाळ्यात समुद्र खवळला की बोट रद्द. गावाचं घोषवाक्यच 'नाई मोनो वा नाई' आहे, म्हणजे जे नाही ते नाही, आणि दुसरा अर्थ, इथे नाही असं काही नाही! लेकीला आधी एकदा दाखवून आणा.

---

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणतात, त्या राजाला काही परत येऊ दिलं नाही, हिला दिवाळीला तरी सोडतील का ते विचार.