मदत हवी आहे: देवळातल्या नाटकाच्या शूटिंगमध्ये चेहऱ्यांचे रंग सारखे बदलतात

फोंडेकर: कालोत्सवातल्या नाटकाचं पूर्ण शूटिंग करायचं आहे. पुढून दोन हॅलोजन, मागे रंगीत एलईडी पार (रंगमंचाचे डबेवजा दिवे), शिवाय मांडवातल्या पांढऱ्या ट्यूब. ऑटो व्हाइट बॅलन्सवर (उजेड बघून कॅमेरा स्वतःच पांढरा रंग ठरवतो ती सेटिंग) लाल मखमली पडदा फ्रेममध्ये आला की चेहरे हिरवट-निळे पडतात, पडदा गेला की पुन्हा पिवळे. नंतर एडिटिंगमध्ये सुधारेल का?

रंगपट: आठ-बिट व्हिडिओत (रंगछटा मोजक्याच साठवणाऱ्या) थोडंफारच. रंग मधेच सरकत असेल तर शॉट कापून कापून बसावं लागेल. ऑटो बंदच करा. पडद्याचा लाल रंग त्याला दिव्याचा वाटतो.

नाटकाआधी रंगीत पार बंद करून फक्त हॅलोजन लावायला सांगा, डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) प्रयोगात असेल तेवढाच; डिमर उतरला की उजेड तांबूस होतो. नट उभा राहतो तिथे, तोंडाच्या उंचीवर ग्रे कार्ड (रंगाची झाक नसलेला करडा पुठ्ठा) धरा, कॅमेऱ्याजवळ नव्हे. कार्डावर चकाकी नको, एक्स्पोजर फाटलेलं (जास्त उजेडाने पांढरंफटक) नको. त्या कार्डावरून कस्टम (हाताने ठरवलेला) व्हाइट बॅलन्स घ्या नि लॉक करा. आकडा 3200 केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप; कमी म्हणजे पिवळट, जास्त म्हणजे निळसर) आसपास यायला हवा. भटजींच्या पांढऱ्या धोतरावर घेऊ नका, त्याला नीळ असते!

फोंडेकर: मांडवातल्या ट्यूब बंद करायला समिती तयार नाही. लोकांची ये-जा असते म्हणतात.

रंगपट: रास्त आहे. रंगमंचालगतच्या तेवढ्या बंद करायला विनवा. तेही नाही जमलं तर त्यांना फुल सीटीओ जिलेटिन (निळसर उजेड पिवळट करणारा नारिंगी पारदर्शक कागद) गुंडाळा. ट्यूबचा 6500 केल्विनचा उजेड साधारण 3200 वर येतो. उजेड कमी होईल, पण निम्मा चेहरा पिवळा नि निम्मा निळा दिसणार नाही. तो दोष कुठल्याच सेटिंगने जात नाही. त्यानंतरही हिरवी झाक राहिली तर केल्विनला हात न लावता टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, एक-दोन घर सरकवा.

कुडतरीचो: आमच्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून सेकंदाला 25 फ्रेम नि शटर 1/50 सेकंद. 1/60 ठेवलंत तर ट्यूबच्या उजेडात पट्टे लोळतील. एलईडी पार मंद केल्यावरही पट्टे दिसू शकतात, तेव्हा ते आधी कॅमेऱ्यातून बघून घ्या.

फोंडेकर: निळ्या उजेडातल्या रात्रीच्या प्रवेशाला वेगळा बॅलन्स घ्यायचा?

रंगपट: अजिबात नको, रात्र पांढरी होईल. दुसरा कॅमेरा असेल तर मात्र त्याचं कस्टम त्याच कार्डावर वेगळं घ्या. दोन कंपन्यांचे 3200 सारखे दिसत नाहीत.